चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिले वाद्य कोणते घ्यावे?

प्रश्न : जिंतूर, जि. परभणी

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक असून माझे वय ४४ आहे. आजवर एकही वाद्य हातात धरलेले नाही. मात्र गाणे ऐकण्याची आवड जुनी आहे आणि ती मुख्यतः गावच्या हरिनाम सप्ताहातील काकड्यामुळे व हरिपाठामुळे लागली. आता दोन्ही मुले शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यामुळे पहाटेचा तासभर रोज मोकळा मिळतो, आणि तो वेळ एखादे वाद्य शिकण्यासाठी द्यावा असे मनाने घेतले आहे.

पेटी, तबला, बासरी आणि गिटार ही चार वाद्ये डोळ्यांसमोर आहेत. पेटी शिकवणारे एक वयस्कर गुरुजी गावातच राहतात, परंतु ते प्रामुख्याने भजनेच शिकवतात. तबल्याचे शिक्षक आठवड्यातून एक दिवस बाहेरून येतात. बासरी स्वस्त असून मोबाइलवर पाहून शिकता येते, असे शाळेतील सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. गिटारचा आग्रह मुलांचा आहे, पण त्याचा वर्ग थेट परभणीला, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. आम्ही भाड्याच्या घरात राहतो आणि भिंतीपलीकडे घरमालकांचे कुटुंब झोपलेले असते, त्यामुळे पहाटेच्या आवाजाचाही विचार करणे भाग आहे. खर्चाची मर्यादा दहा हजार रुपये.

व्यासपीठावर वाजवण्याची हौस नाही. दोन वर्षांनी एखादा अभंग आपल्यापुरता नीट वाजवता यावा आणि जमलेच तर सप्ताहात चार माणसांबरोबर बसता यावे, एवढीच अपेक्षा आहे. या वयात बोटे वळतील का, ही धास्ती आहेच. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : अंबाजोगाई, जि. बीड

सर, मी प्रौढांना पेटी आणि गायन शिकवते. शिकणे अर्ध्यावर सोडणारे जे लोक मी पाहिले, त्यांत वाद्य अवघड निघाले म्हणून सोडणारे फार थोडे होते. शिक्षक लांब होते, वाजवलेले ऐकणारे कोणी नव्हते आणि चुकले तर सांगणारेही कोणी नव्हते, म्हणून बहुतेकांचे शिकणे थांबले. त्यामुळे वाद्याच्या गुणदोषांआधी शिकवणारा माणूस किती जवळ आहे आणि शिकून झाल्यावर आपण कोणाच्या पंक्तीला बसणार आहोत, हे पाहावे. या दोन्ही कसोट्यांवर आपल्या बाबतीत पेटीच पुढे येते. गुरुजी गावात आहेत, सप्ताह गावात आहे आणि आपल्याला वाजवायचे आहेत तेही अभंगच. गुरुजी केवळ भजने शिकवतात ही मला उणीव वाटत नाही.

पेटीवर घेतला जाणारा जुना आक्षेप मात्र आपल्याला ठाऊक असावा. तिचे सूर पक्के बसवलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही आणि स्वरांमधली अंतरेही सरधोपट सारखी असतात. याच कारणांवरून आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत पूर्णपणे चालू होती. ज्या पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी हयात घालवली आणि अप्पा जळगावकरांनी मोठमोठ्या गवयांची साथ केली, तिला इतकी वर्षे बाहेर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. तरीही आक्षेपातला एक भाग नवशिक्याने मनावर घ्यावा. तयार सूर हाताशी असला की कान आळशी होतो. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे जे वाजवाल ते गाऊन वाजवा, आणि मधूनमधून उलट करा. मोबाइलवरील तानपुरा लावून गंधार (ग) आधी गळ्यातून काढावा आणि नंतर पट्टी दाबून तो बरोबर होता का, हे तपासावे. आवाज चांगला नसला तरी हरकत नाही, कारण हा सराव गळ्यासाठी नसून कानासाठी आहे.

सुरुवातीला आपली पट्टी, म्हणजे गाताना ज्या सुराला सा मानायचे तो सूर, शोधावी. सप्तकातील सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या डावीकडून मोजतात आणि त्यांच्याच क्रमांकाने ती सांगतात. बहुतेक पुरुषांची पट्टी पांढरी एक ते काळी दोन यांच्या आसपास असते आणि स्त्रियांची पांढरी पाच ते काळी पाच यांच्या आसपास. खालचा पंचम (प) ऐकू येण्याइतका लागावा आणि वरच्या षड्जाच्या (सा) पुढे गंधारापर्यंत मान न ताणता जाता यावे, ती आपली पट्टी समजावी. समजा, ती काळी एक निघाली. मग शुद्ध स्वरांची चढण अशी होते : सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नि वरच्या सप्तकातील पांढरी एक, आणि वरचा सा पुन्हा काळी एक. यात बोटांचा क्रम पहिल्याच आठवड्यात पक्का करावा. काळी एकवर तर्जनी, काळी दोनवर मधले बोट, आणि गंधारासाठी अंगठा बोटांच्या खालून सरकवून पांढरी चारवर आणायचा. म, प, ध यांना तर्जनी, मधले व अनामिका, निषादाला पुन्हा अंगठा. अंगठा शक्यतो काळ्या पट्टीवर नेऊ नये, कारण तो नेला की सगळा हात आत ओढला जातो आणि पुढची बोटे अडखळतात. चुकीचा क्रम एकदा अंगवळणी पडला की तो मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

कंटाळा येऊ नये म्हणून मी नवशिक्यांना एक गंमत दाखवते. केवळ पाच काळ्या पट्ट्या घ्या. काळी तीनला सा मानून चढत गेलात तर भूप राग वाजतो, त्याच पाच पट्ट्यांवर काळी एकला सा मानलात तर दुर्गा, आणि काळी पाचला सा मानलात तर मालकंस. पट्ट्या त्याच, केवळ षड्ज बदलला. पन्नाशीच्या एका विद्यार्थिनीला हे उमगले तेव्हा त्यांनी त्या दिवशी घरी जायचे नाव काढले नाही. अर्थात हा सराव बोटांसाठी आणि समजुतीसाठी आहे. गाताना आपल्याच पट्टीवर परतावे.

बोटांच्या वळणाची धास्ती सोडून द्यावी. वयाबरोबर वेग उशिरा येतो हे खरे, परंतु अभंगाच्या साथीला वेग लागतो तरी किती? उलट मोठ्या माणसाला सांगितलेले कारण समजते आणि तो नेमाने बसतो. गुडघे कुरकुरत असतील तर पेटी टेबलावर ठेवून खुर्चीवर बसून वाजवली तरी काही बिघडत नाही. पहाटे सुरांच्या एकाच ओळीची खुंटी (हवा सोडणारी पुढची ओढणी) उघडून भाता हलका ठेवला तर भिंतीपलीकडे फारसे जाणवणारही नाही. भाता जोरात हाणण्याची सवय नकोच. हवा थोडी थोडी भरत राहावी, म्हणजे सूर थरथरत नाही.

दहा हजारांत नवी, चांगल्या सुरांची पेटी मिळणे कठीण आहे. पहिले काही महिने भजनी मंडळाची किंवा कोणाची तरी वापरातली पेटी मिळते का पाहावे. पट्टी बदलणाऱ्या यांत्रिक पेटीच्या मोहात सुरुवातीला पडू नये. ती महाग असते, जड असते, आणि बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला सापडत नाही. भजनांच्या जोडीला शिस्तीचा अभ्यासक्रम हवा असेल, तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेचा अभ्यासक्रम समोर ठेवावा. परीक्षा दिली नाही तरी अलंकार (स्वरांचे सरावाचे नमुने), सोपे राग आणि मोजके ताल कोणत्या क्रमाने घ्यायचे, हे त्यावरून कळते.

प्रतिसाद : उदगीर, जि. लातूर

ताईंचे पेटीविषयीचे विवेचन उत्तम आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. आपल्याकडे चाळिशी ओलांडलेल्या माणसाने संगीत शिकायचे म्हटले की त्याच्यापुढे पेटी सरकवण्याची रीतच पडून गेली आहे. परिणामी गावोगावच्या भजनी मंडळांत पेटीवर बोटे फिरवणारे दोघे-तिघे सापडतात आणि ठेका धरणारा एकही नसतो. सप्ताहात बसायचे असेल तर ज्याची वानवा आहे ते शिकावे.

तबल्याचा प्रारंभ लोक समजतात तितका अवघड नाही. उजव्या हाताचा ना आणि तिं, डाव्याचे घे आणि के, आणि दोन्ही हात एकत्र आले की धा. एवढे बोल स्वच्छ निघू लागले की सहा मात्रांचा दादरा ‘धा धी ना, धा ती ना’ आणि आठ मात्रांचा केरवा ‘धा गे ना ती, न क धी न’ हे दोन ठेके बसवता येतात, आणि भजन-भावगीतांचा मोठा भाग या दोहोंत येतो. तिरकिट वेगात निघायला वर्षे लागतात, पण ते आपल्याला हवे आहेच कोठे? दुसरा लाभ असा की लय ज्याच्या अंगात एकदा मुरली, तो पुढे कोणतेही वाद्य शिकला तरी मात्रा सोडत नाही. पेटीपासून सुरुवात केलेले अनेक जण सुरात पक्के असतात आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) मात्र इकडे-तिकडे पाहतात.

दोन अडचणी मान्य करतो. पहिली आवाजाची, जी भाड्याच्या घरात पहाटे साडेपाचला खरोखरच मोठी आहे. दुसरी हवामानाची. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यात पुडी (तबल्याचे वरचे कातडे) ताणली जाऊन सूर चढतो, पावसाळ्यात ओल धरली की उतरतो. त्यामुळे हातोडीने गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या कातडी वेणीवर) आणि गट्ट्यांवर (बाजूच्या लाकडी ठोकळ्यांवर) ठोकून सूर मिळवणे हेही शिकण्यातच येते. पहिली काही वर्षे ते काम कान तयार असलेल्या माणसाकडून करून घ्यावे, नाहीतर पुडी फाटते.

आणि एक महत्त्वाची गोष्ट, जी अद्याप कोणी लिहिली नाही. आपल्या गावच्या सप्ताहात तबला असतो की मृदंग, याची आधी चौकशी करावी. वारकरी कीर्तनाला बहुतेक ठिकाणी पखवाज असतो, ज्याला आपण मृदंग म्हणतो, आणि त्याची वादनपद्धती निराळी आहे. डाव्या पुडीला कणीक लावून तिचा खर्ज मिळवतात, हात उघड्या पंजाने पडतो आणि बोलही वेगळे आहेत. तबला शिकून मृदंगावर बसता येईल, अशा समजुतीत राहू नये.

प्रतिसाद : नांदेड

बासरीविषयी लिहितो, कारण ती स्वस्त आणि मोबाइलवर शिकण्यासारखी असल्याचा समज पसरलेला आहे. स्वस्त आहे, हे खरे. मोबाइलवर पाहून शिकण्याच्या बाबतीत मात्र चारही वाद्यांत तिच्याइतके धोक्याचे दुसरे नाही, कारण पेटीवर पट्टी दाबली की सूर येतो आणि बासरीवर तो फुंकेने घडवावा लागतो. ओठांचा कोन किंचित बदलला तरी स्वर चढतो किंवा उतरतो आणि पडद्यावरच्या शिक्षकाला ते ऐकू येत नाही. पहिल्या काही दिवसांत नुसती हवाच जाते, कधी गरगरल्यासारखेही होते. तेव्हा थांबावे, छातीवर जोर देऊ नये.

तरीही घ्यायचीच असेल तर जत्रेतली घेऊ नये, कारण ती सुरात नसते. सूर मिळवलेली, मध्यम लांबीची घ्यावी. मैफिलीत दिसणारी लांब बासरी नवशिक्याला जड जाते, तिची भोके एकमेकांपासून लांब असल्यामुळे बोटे ताणली जातात आणि भोके पूर्ण झाकली जात नाहीत. वरची तीन भोके बंद केली की सा, सहाही बंद केली की खालचा पंचम. कोमल स्वर अर्धे भोक उघडून काढायचे असतात आणि कस तेथे लागतो. शिवाय एका बासरीला एकच पट्टी असते, म्हणून मंडळात बसायचे तर प्रत्येक गायकाच्या पट्टीची बासरी जवळ ठेवावी लागते. मे महिन्यात ती दुचाकीच्या डिकीत विसरू नये, बांबू तडकतो. अधूनमधून आतून तेलाचा हात फिरवावा.

तास-दोन तास एकट्याने शेताच्या बांधावर बसणाऱ्याला बासरी फार मोठे सुख देते. आपली अपेक्षा मात्र वेगळी दिसते.

प्रतिसाद : छत्रपती संभाजीनगर

मी स्वतः गिटार शिकवतो, तरी आपल्याला ती सुचवणार नाही. गिटारवर नवशिका प्रथम स्वरसमूह (कॉर्ड) धरायला शिकतो आणि ते चित्रपटगीतांना शोभतात; अभंगाची चाल एका षड्जाच्या आधारावर रागाच्या अंगाने जाते आणि तिच्याखाली हे समूह बदलत राहिले की ती परकी वाटू लागते. पोलादी तारांनी पहिले काही आठवडे बोटांची अग्रे दुखतात, हेही आहेच. मुलांना वाजवायची असेल तर मुलांनी घ्यावी.

प्रतिसाद : गेवराई, जि. बीड

सर्वांनी पाच-दहा हजारांच्या वस्तू सुचवल्या, म्हणून एक छोटी सूचना. कोणतेही वाद्य ठरेपर्यंत टाळांची एक जोडी घ्यावी आणि रोजच्या हरिपाठाला जाऊन उभे राहावे. टाळाला वाद्य म्हणून कोणी मोजत नाही, पण विलंबित चालीत दोन ठोक्यांमधला अवकाश सांभाळणे आणि चाल द्रुत झाल्यावर घाई न करणे, हे टाळावर जितके उघडे पडते तितके कशावरच नाही. उदगीरच्या सरांनी लयीची जी काळजी बोलून दाखवली आहे, तिची तजवीजही यात होते आणि पेटीचा मार्गही बंद होत नाही. फक्त टाळ कानाजवळ धरून वाजवू नयेत आणि घरात पहाटे तर मुळीच नाही.

प्रश्नकर्ता : जिंतूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौकशी केली असता आमच्या सप्ताहात मृदंगच असतो आणि तो वाजवणारे दोन तरुण आधीपासून आहेत, असे समजले. त्यामुळे उदगीरच्या सरांचा वानवेचा मुद्दा आमच्या गावाला लागू होत नाही. पेटीवाले मात्र एकटे गुरुजीच आहेत आणि त्यांची नजर आता अधू झाली आहे. टाळांची जोडी घेतली असून संध्याकाळच्या हरिपाठाला जाऊ लागलो आहे.

भजनी मंडळातील एका सदस्याकडे साडेतीन सप्तकांची, दुहेरी सुरांची (सुरांच्या दोन ओळींची) जुनी पेटी आहे आणि ते ती सहा हजारांना द्यायला तयार आहेत. मागील तीन-चार वर्षे ती माळ्यावर पडून होती. अंबाजोगाईच्या ताईंना विनंती की घेण्यापूर्वी काय तपासावे, ते कृपया सांगावे.

प्रतिसाद : अंबाजोगाई, जि. बीड

सर, पेटीवाले एकटे गुरुजीच असतील तर उदगीरच्या सरांचा मुद्दा आपल्याला लागू होतोच, केवळ वाद्य बदलून. मृदंग वाजवणारे कोणी नसते तर मीही त्यांच्या बाजूने गेले असते.

माळ्यावर पडलेल्या पेटीचा पहिला शत्रू उंदीर. झाकण काढायला लावून भात्याच्या घड्यांचे कातडे आणि पट्ट्यांखालची गादी कुरतडलेली आहे का, ते उजेडात पाहावे. मग सर्व खुंट्या बंद ठेवून भाता पूर्ण भरावा आणि हात काढून घ्यावा. तो बराच वेळ फुगलेला राहिला तर उत्तम. लगेच बसत असेल तर कोठूनतरी हवा जाते आहे. त्यानंतर खुंट्या उघडून, एकही पट्टी न दाबता भाता हलवावा. आपोआप एखादा सूर वाजू लागला तर ती पट्टी नीट बसत नाही. हा दोष किरकोळ असतो, स्प्रिंग किंवा गादी बदलून जातो.

सूर तपासायला अधिक वेळ द्यावा. दुहेरी सुरांपैकी आधी एका ओळीची खुंटी उघडून प्रत्येक पट्टी वाजवावी, नंतर दुसऱ्या ओळीची. कोठे सूर उशिरा उमटतो, कोठे खरखरतो, ते खडूने पट्टीवर खूण करून ठेवावे. खरखर बहुधा सुराच्या पात्यात अडकलेल्या धुळीची असते आणि ती साफ करता येते. पाते तडकले असेल तर मात्र बदलावे लागते. शेवटी दोन्ही ओळी एकत्र उघडाव्यात. एकच स्वर दाबल्यावर आवाजात लाटा आल्यासारखे वाटले तर दोन ओळी परस्परांशी मिळालेल्या नाहीत. मोबाइलवर सूर मोजण्याची सोय असते, तीवरही पडताळावे, पण गुरुजींना सोबत नेले तर त्यांचा कान अधिक विश्वासाचा. नजर अधू झाली असली तरी या कामाला ती लागत नाही.

सगळी पेटी सुरात मिळवून घेण्याचा खर्च आधी विचारून तो किमतीतून वजा करण्याची बोलणी करावी. भाता फाटका आणि सूरही उतरलेले असतील तर सहा हजार जास्त आहेत. केवळ धूळ आणि दोन-चार गाद्यांचे काम असेल तर घेऊन टाकावी. नेताना भात्याचा खटका लावून पेटी आडवी न करता न्यावी, घरात भिंतीला टेकवून ठेवू नये, पावसाळ्यात ओल चढते. आणि माळ्यावर तर पुन्हा नकोच.